पलीकडच्या काठावरचं गुड मॉर्निंग

या शनिवारी घरात बसून भिंती बघायच्या नाहीत असं ठरवलं आणि पहाटेच स्कूटर काढली. पिरंगुट गर्दी व्हायच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकमागे धूर खात बसाल. मिसळ तिथंच उरका, पेट्रोल पौडला भरा. पुढे मोबाइलला रेंजही नसते. मुळशी धरणाचं पाणी जिथं अरुंद होतं, तिथं काठावर बाळूकाकांचे तंबू आहेत. जेवणासह माणशी बाराशे, पिठलं झकास.

शेजारीच पुण्यातल्या एका बड्या शाळेचं शिबिर उतरलं होतं. प्रत्येक मुलाच्या गळ्यात दुर्बीण! संध्याकाळी त्यांच्या बाई स्पीकरवरून पक्ष्यांची नावं सांगत होत्या.

"किंगफिशर!" मुलं ओरडली.

पाण्यापलीकडून, जरा उशिरा, "किंगफिशर!"

"धरणाचं पानी हाय, आवाज फिरतोय," काका म्हणाले.

मुलं जेवायला गेली. काठावर मी एकटीच उरले. पलीकडे ना दिवा, ना धूर. तिकडून पुन्हा आलं, "किंगफिशर." अगदी बाईंच्याच हेलात. तंबूची चेन दोनदा ओढून बघितली.

सकाळी गळ घातल्यावर काकांनी होडीनं पलीकडे नेलं. उतारावर मुलं ओळीत बसली होती, तोंडं पाण्याकडे. आम्हाला बघून एकही हललं नाही. पुढे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी होती; काकांनी नाव सांगितलं, सोनल.

"काय चाललंय?"

"शाळा."

"तुमची शाळा कुठंय?"

तिनं मागच्या कुलूपबंद खोलीकडे मान वळवली. "बंद क्येली. पोरं कमी हायेत म्हनं. दुसरी लई लांब, रानातनं. आय न्हाई सोडत. म्हून तिकडं शाळा आली की आमी हितं बसतो."

"आणि ती गेली की?"

तिनं पाण्यापलीकडच्या तंबूंकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आज जानार का ती?"

"हो."

"नीट ऐका रं," ती मुलांवर खेकसली. "आजचाच दिस हाय."

मला फार वाईट वाटलं. चीडही आली, पण कुणावर काढणार?

दुपारी शिबिराच्या गाड्या निघून गेल्या. मी स्कूटरला बॅग बांधत होते. अलीकडचा काठ पार रिकामा. आणि भर उन्हात पलीकडून सगळ्यांचा एकच आवाज आला, "गुड मॉर्निंग, टीचर!"

मग शांतता. मुलं उत्तराची वाट बघत होती. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं.

मला राहवलं नाही. ओरडले, "सिट डाउन!"

"थँक्यू, टीचर!"

घरी आले, कपडे धुतले, फोटो टाकले. रस्ता चांगला आहे, तंबू स्वच्छ आहेत, जरूर जा. मी मात्र त्यांना बसायला सांगितलं आणि निघून आले. पुढचा शब्द ऐकायला ती मुलं अजून तशीच बसली असतील.