राघो भोईरचा केसपेपर

शालू भोईर आमच्या इस्पितळात नोकरीला लागली ती सूड घ्यायला. हे तिनेच मला सांगितलं, वर्षभराने, पट्ट्या गुंडाळता गुंडाळता, अगदी साध्या आवाजात. मी तेव्हा ठाण्याच्या त्या खाजगी इस्पितळात नर्स होते.

तिचा बाप राघो बाळकुमचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. लढाईच्या आधी तो मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. जपान्यांनी बोट धरली आणि खलाशांना हमालीला जुंपलं. पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तो हिरोशिमात नदीकाठी पोती उतरवत होता. शहराकडे पाठ होती म्हणून डोळे वाचले, पण मानेपासून कमरेपर्यंत कातडी गेली. वर्षाने घरी परतला तेव्हा त्याच्या बायकोने, आवडाबाईने, त्याला आवाजावरून ओळखलं.

पन्नास साली त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर जांभळे डाग उठले. आवडाबाईने त्याला आमच्या डॉक्टर बेहेऱ्यांकडे आणलं.

"पाठ कशाने भाजली?"

"जपानात बाँब पडला, त्याने."

डॉक्टर हसले. "बाळकुमचा माणूस, आणि जपानात?"

त्याच वर्षी दारूबंदी आली होती आणि खाडीच्या कडेने भट्ट्यांवर धाडी पडत होत्या. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'दारूभट्टीवर भाजला', आणि पोलिसांना कळवलं. राघोला खाटेवरून उचलून नेलं. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा त्याला चालता येत नव्हतं. नवव्या दिवशी तो गेला. शालूचं कोपर गावी लग्न ठरलं होतं, तेही मोडलं. भट्टीवाल्याची पोर नको, असा निरोप आला.

शालू सातवी पास होती. गावातल्या मास्तरांकडे दोन वर्षं इंग्रजी शिकली आणि त्रेपन्न साली आमच्याकडे कागद लावायच्या खोलीत लागली. तेव्हा परदेशातून एक जाड पुस्तक आलं होतं. प्रत्येक आजाराला, प्रत्येक इजेला त्यात आकडा दिलेला, आणि तो प्रत्येक केसपेपरवर घालायचा. भोईर बाळकुमात पुष्कळ, त्यामुळे ही कोणाची मुलगी ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

बापाचा कागद तिला पहिल्याच आठवड्यात सापडला.

"फाडला नाहीस?" मी विचारलं.

"फाडला असता तर डॉक्टरचंच काम सोपं झालं असतं, विमलाबाई."

चोपन्न साली अमेरिकेने समुद्रात चाचणीसाठी फोडलेल्या बाँबच्या राखेने जपानी कोळी भाजल्याच्या बातम्या आल्या. गावात भीती होती. मग डॉक्टरांचं व्याख्यान ठरलं, 'अणुस्फोटात जखमी झालेल्या नागरिकांची शुश्रूषा'. सभागृह भरलं होतं. डॉक्टर छान बोलले. व्रण जाड होतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर जांभळे डाग येतात. साधं भाजणं समजू नका, रोग्याला विचारा, तो कुठे होता. शेवटी म्हणाले, "असा रोगी मला प्रत्यक्ष पाहायला मिळाला नाही."

शालू उठली. शेजारी आवडाबाई बसलेली.

"मिळाला होता," शालू म्हणाली आणि केसपेपर वाचायला लागली. तारीख, ताप, हिरड्या, डाग, पाठीचा व्रण. सगळं डॉक्टरांनी नीट तपासून लिहिलेलं. मग ती शेवटची ओळ. ती तिने दोनदा वाचली.

"हा माझा बापूस. तुम्ही त्याला विचारलंत आणि त्याने सांगितलं होतं."

डॉक्टर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. मी दाराशीच होते.

"तुला काय हवंय? ती ओळ मी खोडून टाकतो."

"खोडायची नाही. लोकांना दिसू दे. तिच्याखाली खरं लिहा, सही करा." तिने पुस्तकाचं शेवटाकडचं पान उघडलं. युद्धात झालेल्या इजांचे आकडे तिथे होते. "आणि चौकीला पत्र. एक कोपरला."

डॉक्टरांनी लिहिलं. त्यांना ते लिहिताना पाहून, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पत्रं ती स्वतः घेऊन गेली. कोपरच्या गोपीनाथने, मोडलेल्या लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या बापाने, वाचून पुन्हा बोलणी करू म्हटलं. ती म्हणाली, "मी बोलणी करायला नाही आले. तुम्हाला हे वाचायला लावायला आले."

नोकरी तिने सोडली नाही. तिला काढायची डॉक्टरांची छाती झाली नाही. रोज सकाळी ती कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. "हा पडून लागलेला म्हणता, तो स्वतः काय म्हणाला?" "हिला कोणी मारलं, विचारलंत का?" डॉक्टर उत्तर देत, पुष्कळदा परत वॉर्डात जाऊन विचारून येत. रोग्यांचं त्यात भलंच झालं. पण ती ते भल्यासाठी करत नव्हती, आणि हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

"आता पुरे कर गं," मी एकदा म्हटलं.

"माझा बापूस दोन दिवस चौकीत फरशीवर पडलेला," ती म्हणाली. "याला अजून खुर्ची आहे."

सत्तावन्न साली डॉक्टरांनी नाशिकला बस्तान हलवलं. निघताना सगळ्यांना भेटले, तिच्या खोलीकडे फिरकले नाहीत. त्यांचा नवा पत्ता मात्र तिने शिपायाकडून लिहून घेतला.