बहिऱ्या पोरीला हाक

मी संशयी आहे. ऐकू न येणारं माणूस संशयी नसेल तर भाजीवाल्यापासून भावकीपर्यंत सगळे त्याला विकून खातील, असं माझं मत आहे. म्हणून मुलीने मोबाईलवर ते ॲप आणून दिलं तेव्हा मी आधी मोबाईल पालथा घातला.

डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी मुलगी नांदेडहून लातूरला आली आणि तिच्या जेवणखाणासाठी मीही आले. नवरा नांदेडलाच राहिला. एका खोलीत आम्ही दोघी. रस्त्यावरून ट्रक गेला की फरशी थरथरते, आणि मी ताडकन उठून तिला दाराकडे ओढते. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते, निलंग्याजवळच्या माहेरच्या गावात. लग्न होऊन नांदेडला गेल्यावर ही खोड सुटली होती. लातूरच्या जमिनीला पाठ टेकली आणि ती परत आली. मुलीची झोप मोडायची, सकाळी क्लासमध्ये ती पेंगायची. तिला ऐकू येतं, पण खुणांची भाषा ती माझ्या मांडीवरच शिकली. ती म्हणाली, एकदा बघ तरी, यात सगळं खुणांच्या भाषेत आहे, मन मोकळं करायचं.

मन मोकळं करायचं म्हणे. ऐकणाऱ्यांच्या भिंतींना कान असतात, आमच्या भिंतींना डोळे. समोरच्या गच्चीवरूनही माझं बोलणं दिसतं. मी पडदा ओढून घेतला.

आधी व्हिडिओतली एक बाई हातांनी प्रश्न विचारत होती. इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुम्हाला ऐकू येतात का? म्हटलं, इतरांना येतात ते आधी येऊ द्या, मग पुढचं बघू. लोक तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का? पाठीमागे कशाला, माझ्या तोंडावर बोलतात. मी खऱ्या उत्तरांवर बोट ठेवत गेले आणि ॲपने मला घाईघाईने समुपदेशक बाईंची वेळ देऊन टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी मुलगी क्लासला गेल्यावर त्या बाई मोबाईलवर आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, मीही बहिरी आहे. माझा काही विश्वास बसला नाही. चार खुणा शिकून समजलं, समजलं अशी मान डोलावणाऱ्या ऐकणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. म्हणून त्या बोलत असतानाच मी ओट्यावरचं स्टीलचं ताट हळूच खाली लोटलं. आवाज झाला की ऐकणाऱ्याचे डोळे हलतात, कितीही ठरवलं तरी हलतात. बाईंची पापणीसुद्धा हलली नाही. पण माझा खांदा हललेला त्यांनी पाहिला होता.

"काय पाडलंस?" त्या हसून म्हणाल्या. "ही परीक्षा माझी बरेच जण घेतात."

त्यानंतरही काही भेटी मी हवापाण्यातच घालवल्या. देगलूरपासून निलंग्यापर्यंत आम्हा बहिऱ्यांची बिरादरी ती केवढीशी. एकीला कळलं की लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या हातांवर तेच. बाईंनी गळ घातली नाही की उपदेश केला नाही. मग एकदा आमचं बोलणं चालू असताना ट्रक गेला. मी उठून दारापर्यंत गेले आणि ओशाळून परत आले. भूकंपापासूनची खोड आहे, म्हटलं. त्यांनी विचारलं, भूकंपात तुला कोणी उठवलं?

कोणी नाही. तोंडात माती गेली म्हणून मी जागी झाले आणि चाचपडत बाहेर आले. आई अंगणात उभी होती, धाकटा भाऊ तिच्या कडेवर. तिने तोंडाशी पंजा धरून पुन्हा पुन्हा खूण केली: लई हाका मारल्या तुला. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. भावाला उचललं आणि मला हाक मारली. बहिऱ्या पोरीला हाक. कोण मारतं? मला वाटायचं, ती मला विसरली आणि मग पोरीला काय कळतंय म्हणून थाप मारली. खरं काय ते मला कधीच कळणार नव्हतं. हा संशय पोटात ठेवून मी इतकी वर्षं आईच्या हातचं जेवत आले.

आता बाई म्हणतील, आईला माफ कर. त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तू बघत नसतेस तेव्हा आई तुला कशी बोलावते?"

 मी बघत नसेन तर मला कसं कळणार?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी माहेरी गेलो. भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावात आईचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलीला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलली असती. मी मुद्दाम स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले, मुलीला समोर बसवलं आणि शेंगा फोडत तिच्या डोळ्यांवर नजर ठेवली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले आणि परत शेंगांवर आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले.

मी विचारलं, काय झालं?

"काही नाही. आजी तुला हाक मारून राहिली, जेवायला."

"मला? मला ऐकू येत नाही हे तिला माहीत नाही का?"

"माहीत आहे ना. पण ती आधी हाकच मारते. चार-पाच वेळा. मग आठवलं की उठून येते आणि तुला हात लावते. मी लहानपणापासून बघते." तिने एक दाणा तोंडात टाकला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

मला रडू आलं. भूकंपाच्या रात्री आईने आत यायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण ती खोटं बोलली नव्हती. मी वळून पाहिलं. आई शेगडीपुढे पाठमोरी उभी राहून कालवण ढवळत होती आणि तिचा जबडा हलत होता. मी सहसा घशातून आवाज काढत नाही, लोक वळून बघतात. त्या दिवशी काढला. तिच्या हाकेला मी ओ दिली, आणि आई दचकली.