न विचारता जायची वाट

आमच्या वाडीतून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, देवीची राई आहे. तिथे जायला जांभ्या चिऱ्याची पाखाडी. पायऱ्या, दोन्ही अंगाला रचलेल्या दगडांचा गडगा आणि पाणी जायला कडेने चर. हे सगळं सांभाळायला गावाचं मंडळ आहे. राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही आणि गणपती गेले की पाखाडी साफ करायची, एवढंच मंडळाचं काम. त्यातला सगळ्यात जुना माणूस मी. शाळा चौथीत सुटली, पाखाडी सुटली नाही.

पाखाडी जाते ती मधल्या चढावरची जमीन विकली गेली. वारस मुंबईत, त्यांना वाट काय माहीत! घेणारा शेठ बाहेरगावचा, बंगले बांधणारा. त्याने सभोवार जाळी मारली आणि पाखाडीवर लोखंडी गेट बसवलं.

माझा चुलता बांधाच्या भांडणात कोर्टात खेपा घालून म्हातारा झाला होता. त्याने मला एकच शिकवलं. "वहिवाटीच्या वाटेने जाताना कुणाला विचारायचं नाही. विचारलंस की वाट त्याची झाली."

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं. म्हटलं, गेट उचलून बाजूला ठेवू आणि जाऊ. अध्यक्ष म्हणाले, आबा, शिमगा तोंडावर आलाय, पालखी ह्याच वाटेने चढते, भांडणात देवीला कशाला ओढता? आमच्या माणसांना कोर्टात भांडता येतं, तोंडावर येत नाही. शाल-नारळ घेऊन सगळे शेठकडे गेले. मी गेलो नाही.

शेठ गोड माणूस. चहा पाजला, नारळ कपाळाला लावला आणि म्हणाला, "न्या की यंदा." मंडळी खूश होऊन परत आली. मी अध्यक्षांना विचारलं, यंदा म्हणजे काय? मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला आता यंदाचा अर्थ पण सांगा. सगळे हसले.

पालखी चढली. गेट धरून वॉचमन उभा होता, लोकांनी त्यालाही गुलाल लावला. मी गेटाच्या खालीच थांबलो. देवी स्वतःच्या वाटेने परवानगी काढून जाते, ते मला बघवेना.

गणपती गेल्यावर कोयती आणि पहार घेऊन गेलो तर गेटाला कुलूप. वॉचमन आमच्याच भावकीतला. खाली बघत म्हणाला, शेठ म्हणतात विचारून या. मी तसाच परत फिरलो. मंडळातले म्हणाले, विचारू हो सवडीने. मग भातकापणी आली आणि सगळे शेतात गुंतले.

परतीचा पाऊस मात्र थांबेना. मी रोज गेटापर्यंतच्या पायऱ्या झाडायचो आणि गजांतून वर बघत बसायचो. चर पाल्याने बुजली होती, पाणी पायऱ्यांवरूनच धावत होतं. चिऱ्याखालची माती जाताना दिसायची. एक चिरा कलला, मग त्याच्या शेजारचा. चर उपसली असती तर थांबलं असतं. हात गजांतून जेमतेम कोपरापर्यंत जायचा. एकदा जाळीवर चढून बघितलं, गुडघ्याने ऐकलं नाही.

विचारलं तर वाट जाते. नाही विचारलं तर पायऱ्या जातात. जेवण जाईना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, विचारलंत तर जीभ झडणार आहे काय? पाखाडीच उरली नाही तर वहिवाट कसली सांगणार?"

दुसऱ्या दिवशी वळणावरचा मोठा चिरा सुटून आतून गेटाला येऊन टेकला होता. माझ्या बापाने बसवलेला तो. मी वॉचमनला म्हटलं, लाव फोन.

"शेठ, पाखाडी दुरुस्त करायची आहे. आत जाऊ काय?"

"अहो आजोबा, त्यात विचारायचं काय? यंदा घ्या की करून."

वॉचमनने कुलूप काढलं. माझ्याकडे न बघता त्याने पहार घेतली. आम्ही दोघांनी तो चिरा वर नेला, चर उपसली, फटींत दगडाच्या कपऱ्या ठोकून पायऱ्या बसवत गेलो. उन्हं कलली तशी त्याने पहार गडग्याला टेकवली.

"आटपा आबा. कुलूप लावायचंय."

वरच्या काही पायऱ्या अजून हलत होत्या. मी म्हटलं, त्या उद्या करू. तो खिशातला फोन चाचपत नुसता उभा राहिला. उद्यासाठी परत विचारावं लागणार होतं.