बायाइची साक्ष

पत्र्याचा भोंगा दिसला की मले स्वातंत्र्य नवं होतं तवाचा केनवडचा बाजार आठवते. पादरीबुवा भोंग्यातून सांगत होते, "येशू मेलेल्यांतून उठला, हे आधी बायकांनी पाहिलं. त्या काळी बाईची साक्ष कोणी धरत नसे. गोष्ट रचलेली असती, तर पुरुषच साक्षीला उभे केले असते!"

घरी मी त्याईची हुबेहूब नक्कल केली. सारे हसले, मावशी नाही. शेजाऱ्याले तिच्या वावराचा धुरा, म्हंजे बांध, सरकवताना तिनं सोता पाह्यलं होतं. चावडीवर पंचाईनं "बाईचं काय आयकता" म्हनून तिले वापस धाडलं होतं.

"त्या बायाइचं आयकलं का रे कोनी?" मावशीनं मले इचारलं.

पादरीबुवाचं पुढचं मी सांगतलं, "आधी येडं म्हनले, मंग धावत गेले पाह्याले."

तवा मले वाटलं, नक्कल फसली. मावशी मात्र पदर खोचून पुन्हा चावडीकडं निघाली होती.