कड्यावर सुटलेली शिळा

धोम धरणाच्या मागच्या अंगाला, जिथे वस्ती संपते तिथे एक कडा आहे. त्याच्या माथ्यावर किल्ला नाही, देऊळ नाही, पाण्याचं टाकं नाही, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. गाववाले त्याला घारीचा कडा म्हणतात. माझं वाईत चष्म्याचं दुकान आहे. विशीत असताना या कड्यातली एक उभी भेग मला दिसली आणि तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यांत मी तिच्यातून वर गेलो आहे. त्या वाटेवर एकही खिळा ठोकलेला नाही. भेगेत धातूच्या पाचरी अडकवायच्या, पाचरींना लावलेल्या उघडझाप होणाऱ्या कड्यांत दोर गुंतवायचा आणि मागून येणाऱ्यानं त्या काढून घेत वर यायचं.

मुलगी मोठी झाल्यापासून मागून येणारी तीच असे. त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि जावई तिला भेटायला आले होते. ते विट्याकडचे. घराण्याचा सोनं गाळण्याचा धंदा, दुकान कोइमतूरला. तिकडे शहरातल्या कृत्रिम भिंतीवर चढायला ते शिकले होते आणि चढायचेही छान. पण खऱ्या दगडावर, स्वतः लावलेल्या पाचरींच्या भरवशावर ते कधी गेले नव्हते. आमच्यात बोलणंही बेताचंच होतं. ते मला मामा म्हणत, मी त्यांना जावईबापू, आणि दोघंही टीव्हीकडे बघत बसायचो.

"यंदा यांना न्या," मुलगी म्हणाली. "मी खालून बघते."

कड्याखाली एका आजींचा गोठा आहे. मुलगी तिथे ओट्यावर दुकानातली दुर्बीण घेऊन बसली. आजींनी आमच्या कमरेचे पट्टे, खांद्यावरचे दोर नीट न्याहाळले.

"आवं दादा, जावायाला कुठं घालताय त्या कड्यावर? मानाचा मानूस त्यो."

"हौस आहे त्यांना," मी म्हणालो.

पहिला टप्पा झकास झाला. वर माणूस आडवा झोपेल एवढा एक कंगोरा आहे. तिथे मी तीन पाचरी बसवल्या, मागून आलेल्या जावईबापूंना त्या पाचरींना बांधलं आणि दुसऱ्या टप्प्याला निघालो. माझा दोर त्यांच्या हातात.

या टप्प्यात भेगेच्या कडेला एक शिळा होती. दाराच्या फळीसारखी, कड्याला टेकून उभी. तिच्या कडेला हात घालून अंग मागे झोकायचं आणि पाय समोरच्या भिंतीवर रोवत वर सरकायचं, अशी ती जागा. मी नेहमी आधी मुठीनं ठोकून बघत असे. त्या दिवशीही ठोकली. आवाज नेहमीसारखाच आला. मी तिच्यामागे पाचर लावली, दोर गुंतवला आणि अंग झोकलं.

शिळा हलली.

किती हलली ते मला डोळ्यांनी दिसलं नाही, मांडीला कळलं. बोटभर सरकून ती माझ्या उजव्या गुडघ्यावर येऊन थांबली. वरून माती आली, मागोमाग पिंपरणीच्या झाडाचं तुटलेलं मूळ. पावसाळाभर ते मूळ मागून तिला ढकलत असणार. मी कंबर पुढे रेटून तिला भिंतीशी दाबून धरलं. एक हात वरच्या भेगेत, एक पाय बोटभर खाचेत. आणि बरोबर खाली जावईबापू.

"जावईबापू," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "दगड सुटलाय. मी धरून ठेवलाय."

"किती मोठा?"

"दाराएवढा."

वारा सुटला होता. खाली मुलगी दुर्बिणीतून हेच बघत असेल हे माझ्या मनात आलं आणि मी ते मनातून काढून टाकलं.

"डावीकडं कंगोऱ्याच्या टोकाला वरून दगड पुढं आलाय बघा. त्याच्याखाली जा. पाचरींपासून सुटा आणि जा."

"आणि तुमचा दोर?"

"सोडा तो."

"न्हाई."

विट्याची बोली त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. माझ्याशी ते कायम पुस्तकी बोलायचे.

"अहो, ऐका माझं. जास्त वेळ नाही धरता येणार मला."

"मामा, जरा दम धरा. मी पाचरींकडून येणारा दोर लांब करतो. म्हंजे बांधलेला बी राहतोय आनि तुमचा दोर बी हातात राहतोय."

त्यांचं बरोबर होतं. घाईत मला ते सुचलंच नव्हतं. पण एका हातात माझा दोर घट्ट ठेवून दुसऱ्या हातानं गाठ सैल करायची, दोर पुढे सारायचा, पुन्हा आवळायची, हे सगळं त्या अरुंद जागेवर करायचं होतं. मला फक्त पाचरींच्या कड्यांचा किणकिणाट ऐकू येत होता. माझा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता.

त्यात माझं एक काम बाकी होतं. शेवटची पाचर त्या शिळेमागेच होती. शिळा गेली की ती पाचर, तिच्यातून जाणारा दोर आणि दोराला बांधलेला मी, सगळंच खेचलं जाणार. दोर सोडवायला हवा होता. आणि तो सोडवला की त्याआधी लावलेली पाचर इतकी खाली होती की पडलो असतो तर कंगोऱ्यावरच आदळलो असतो. मी वरचा हात भेगेत मूठ करून आवळला, दुसरा खाली नेला. कडीचं तोंड उघडेना. अंगठा घामानं घसरत होता. तिसऱ्यांदा उघडलं आणि दोर बाहेर आला.

"पोचलो," खालून आवाज. "अंग चोरून बसलोय."

"दोर हातात?"

"व्हय."

"सोडतो मग."

मी कंबर मागे घेतली आणि गुडघा भेगेकडे ओढला. शिळा आधी जागची हललीच नाही. मग वरचं टोक हळूच बाहेर झुकलं, एखादा माणूस उठायचं ठरवतो तसं, आणि ती गेली. ती कंगोऱ्यावर आदळली. सुरुंगासारखा जळका वास वर आला. त्यानंतर ती खालच्या झाडीत फुटत गेली, आणि नंतर काहीच नाही. खाली नुसता धुरळा.

"जावईबापू?"

मी पुन्हा हाक मारली. माझा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. दोर माझ्या कमरेपासून धुरळ्यात लोंबत होता, अगदी सैल. त्या सैल दोराकडे बघताना मला वाटलं, आता घरी जाऊन कुणाला काय सांगायचं.

मग दोर हलला. थोडा वर सरकला, थांबला, पुन्हा सरकला आणि कमरेला हलका ताण आला. कुणीतरी ढिला पडलेला दोर आवरून घेत होतं.

"हाय मामा," खोकत खोकत आवाज आला. "हाय मी. तोंडात माती गेली लय."

मी कपाळ दगडाला टेकवून तसाच राहिलो.

शिळा होती तिथे ओल्या मातीची, मुळांची नवी भेग उघडी पडली होती. माती खरवडून मी तिच्यात दोन पाचरी बसवल्या, खेचून पाहिल्या, त्यांत दोर गुंतवला आणि त्यांच्यावर भार टाकून जावईबापूंना मला खाली घ्यायला सांगितलं. वर जायचा विचारही केला नाही. कंगोऱ्यावर पोचलो तेव्हा त्यांच्या डाव्या हातातून रक्त वाहत होतं. उडालेल्या कपचीनं मनगटाच्या वर चिरलं होतं. पाचरींकडून त्यांच्याकडे गेलेल्या दोराचं आवरण एका ठिकाणी फाटून आतले पांढरे धागे बाहेर आले होते. मी तेवढा तुकडा चाकूनं कापून टाकला, माझा रुमाल त्यांच्या हाताला आवळला आणि राहिलेल्या दोरावरून आम्ही उतरलो. पाचरी तिथेच राहू दिल्या.

मुलगी अर्धी चढण चढून आली होती. त्या अवस्थेत, चपला हातात घेऊन. तिनं आधी त्यांचा हात पाहिला, मग माझा गुडघा.

"धूळ उडाली तेव्हा दोघंही दिसत नव्हतात," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. जावईबापू तिच्याशेजारी बसले. मी जरा लांब जाऊन दोर गुंडाळत राहिलो. तो नीट गुंडाळला गेला नाही.

मागून आजी आल्या. त्यांना आमच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं.

"त्या आवाजानं माजी म्हस दावं तोडून पळाली," त्या म्हणाल्या. "वड्याकडं गेलीया. आता मी कुठं हुडकू?"

जावईबापू उठले. "बसा आजी, मी आनतो."

"हाताला लागलंय तुमच्या," मी म्हणालो.

"पायाला न्हाई लागलेलं, मामा."

मीही लंगडत त्यांच्यामागे गेलो. म्हैस ओढ्यातल्या पाण्यात बसली होती आणि उठायला तयार नव्हती. आम्ही दोघं काठावर टेकलो. बोलायला बरंच काही होतं, पण त्यांनी विचारलं की वाईत या वेळी टाके घालणारा डॉक्टर सापडेल का. मी म्हणालो, सापडेल. मग मी म्हशीच्या मागच्या बाजूला गेलो आणि त्यांनी पुढून तिच्या गळ्यातल्या तुटक्या दाव्याला हात घातला.