तीन आटे जास्त

त्याचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटात होतं. बाकी सगळे त्याला फ्यूज म्हणत, कारण तो कधी उडेल याचा नेम नसे. कपडे वाळवायची मशीनं दुरुस्त करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती आणि त्यातली निदान पंचवीस रागात गेली होती. राग साहेबांवर, कारण हातात कधी स्क्रूड्रायव्हर न धरता ते खुर्चीत जाऊन बसले होते. राग मशीनांवर, कारण पूर्वी एक गोल खटका फिरवला की काम व्हायचं आणि आता धुतलेली चड्डी वाळवायलाही पंधरा बटणांचं पॅनल लागत होतं. सगळ्यात जास्त राग गिऱ्हाइकांवर. गिऱ्हाईक खोटं बोलतं, यावर त्याची देवावर नसेल इतकी श्रद्धा होती. ‘आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं,’ असं कोणी म्हणालं की त्याच्या कपाळावरची शीर उडू लागायची. पॅनलवर चहा सांडलेला असायचा. नाहीतर मुलांसाठीचं लॉक चुकून लागलेलं असायचं आणि घरातली चार शिकली-सवरलेली माणसं मशीन मेलं म्हणून सुतकी चेहऱ्याने बसलेली असायची.

दोन गोष्टींचा त्याला गर्व होता. एक म्हणजे दहा मिनिटांत निदान. दुसरी म्हणजे त्याचा डबा. बिस्किटांच्या त्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भंगारात गेलेल्या मशीनांचे शेकडो स्क्रू होते. नव्या भागाबरोबर कंपनी मोजून स्क्रूंची पुडी द्यायची, ती तो न फोडताच परत करायचा. ‘स्क्रू तो स्क्रू. बसला की झालं,’ असं त्याचं म्हणणं. बायको म्हणायची, ‘त्या डब्याची जेवढी काळजी घेता, त्याच्या निम्मी माझी घेतलीत तर सोनं होईल माझं.’

आज तो बाईंच्या घरी तिसऱ्यांदा निघाला होता आणि जिना चढतानाच त्याचा पारा चढला होता. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. सव्वा महिन्यापूर्वी त्यांच्या ड्रायरची बटणं दाद देईनाशी झाली, तेव्हा फ्यूजने पॅनलमागचा बोर्ड बदलून दिला होता. दहा दिवसांत पुन्हा तक्रार आली. मशीन मध्येच टीं टीं करतं, सगळे दिवे लुकलुकतात आणि मग एकही बटण चालत नाही. फ्यूजने जाऊन पाच मिनिटं चालवून पाहिलं, तर ते गुणी बाळासारखं चाललं. मग त्याने बाईंचे हात पाहिले. ते ओले होते. कंपनीच्या कागदावर त्याने लिहून टाकलं, ‘ओल्या हातांनी बटणं दाबल्यामुळे बिघाड. वापरणाऱ्याची चूक.’

‘ही शेवटची भेट,’ सकाळी साहेबांनी बजावलं होतं. ‘आज लिहिशील ते कायम. चूक त्यांचीच असेल, तर यापुढे त्या घरी कोणी जाणार नाही.’

‘माझं लिहून तयारच आहे,’ फ्यूज म्हणाला होता.

बाईंनी दार उघडलं आणि कुबट वास नाकात शिरला. चार खुर्च्यांच्या पाठींवर चार चादरी पसरल्या होत्या, पाचवी आतल्या दारावर. सगळ्या दमट.

‘पाच मिनिटं चालवून दाखवतो,’ तो म्हणाला.

‘पाच नाही. बंद पडेपर्यंत बसायचं.’ बाईंनी एक वही पुढे केली. बारा तारखा, आणि त्यांच्यापुढे मिनिटं. बावीस. एकोणीस. तेवीस. एकवीस. ‘सुरू केल्यापासून कितव्या मिनिटाला बंद पडतं, ते लिहून ठेवलंय. मागच्या वेळीही दाखवत होते, तुम्ही पाहिलं नाहीत.’

‘बाई, सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात.’

‘मला शिकवण्यात अडतीस झाली. बसा.’

एवढं बोलून त्यांनी ओली चादर टाकून मशीन सुरू केलं, त्याची हत्यारांची पिशवी उचलली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवून बसून राहिल्या. वर्गात चेंडू आणणाऱ्या मुलाचा चेंडू जप्त करावा तसं. फ्यूजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी हिसकावून घेण्याचं वय दोघांचंही नव्हतं, म्हणून तो स्टुलावर बसला. गिऱ्हाइकाच्या घरी मशीन तापेपर्यंत तो आजवर कधीच थांबला नव्हता. आतल्या खोलीतून अधूनमधून कण्हणं ऐकू यायचं आणि बाई तिकडे मान वळवायच्या. हे कण्हणं आपल्याला मुद्दाम ऐकवलं जातंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. रागावलेल्या माणसाला काय वाटेल याला धरबंध नसतो.

एकविसाव्या मिनिटाला मशीनने टीं टीं केलं. दिवे लुकलुकले, ड्रम थांबला. फ्यूजने एकेक बटण दाबून पाहिलं. ढिम्म. बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

तो तिरीमिरीतच कामाला लागला. प्लग काढला. दाराचा स्विच तपासला, ठीक. वायरींचे जोड ओढून पाहिले, घट्ट. मीटर लावून पाहिलं, कुठे खोट नाही. मग बोर्डच बाहेर काढू म्हणून पॅनलचे तीन स्क्रू सोडवायला घेतले. पहिला सहा फेऱ्यांत निघाला. दुसराही सहा. तिसरा सहा फेऱ्या झाल्या तरी निघेना. सात, आठ, नऊ.

त्याने तिन्ही तळहातावर ठेवले. दोन पांढरे, एक काळ्या डोक्याचा. काळ्याला तीन आटे जास्त होते. त्याला आठवलं. पहिल्या भेटीत एक स्क्रू हातातून निसटून मशीनखाली गेला होता. वाकायचा कंटाळा म्हणून त्याने डब्यातला एक काढून बसवला होता. बसला की झालं! बोर्ड उलटा करून पाहिला, तर मागे घासल्याची चकचकीत खूण. मशीन थंड असेपर्यंत स्क्रूचं टोक बोर्डापासून केसभर दूर राहायचं. तापून प्लास्टिक फुगलं की ते बोर्डाला टेकायचं. बोर्डाला वाटायचं, कोणीतरी बटण दाबूनच धरलंय, आणि तो सगळं बंद करून टाकायचा.

स्क्रू खिशात टाकून ‘बोर्डच खराब निघाला’ म्हणणं एका वाक्याचं काम होतं. त्याने खिशाकडे हात नेलाही.

‘काय सापडलं?’ बाईंनी विचारलं.

‘स्क्रू. लांब आहे. मागून बोर्डाला लागतोय.’

‘कोणी लावला?’

फ्यूजला राग आला, पण आता तो टाकायला जागा नव्हती. साहेब इथे नव्हते, मशीन निर्दोष होतं, आणि गिऱ्हाइकाने तेरा वेळा खरं लिहून ठेवलं होतं.

‘मी,’ तो म्हणाला.

बाईंचा आवाज चढला नाही. ‘महिनाभर मी ह्यांना दमट चादरीवर झोपवतेय. का, तर माझे हात ओले असतात असं तुम्ही लिहून गेलात. माझे हात ओले असतातच. दिवसाला पाच चादरी धुते मी. घरी येऊन पाहिलंत, तरी तुम्हाला दिसले काय, तर माझे हात.’

फ्यूज पोटावर आडवा झाला आणि बाईंची फुटपट्टी मागून घेऊन मशीनखाली चाचपडू लागला. कपड्यांच्या तंतूंत आणि धुळीत गुंडाळलेला तो हरवलेला स्क्रू बाहेर आला. सहा आट्यांचा. तो बसवून त्याने मशीन पुन्हा सुरू केलं आणि कागद काढला. कागदावर दोनच चौकोन छापलेले होते, ‘यंत्राचा दोष’ आणि ‘वापरणाऱ्याची चूक’. त्याने खाली तिसरा चौकोन पेनाने काढला, त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘चुकीचा स्क्रू बसवल्यामुळे बिघाड.’

बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत केला. ‘कोणी बसवला ते राहिलं.’

त्याने तेही लिहिलं. मागच्या भेटीतला शेराही चूक होता, असं त्यांनी न सांगताच लिहिलं, आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

एकविसावं मिनिट आलं आणि गेलं. पन्नासाव्या मिनिटाला काम संपवून मशीन आपलं आपण थांबलं. बाईंनी ड्रममधून चादर काढली, गालाला लावून पाहिली. आता आपण सुटलो असं समजून फ्यूज पिशवी उचलू लागला.

‘ठेवा ती,’ बाई म्हणाल्या. ‘आत चला. मला एकटीला ह्यांना कुशीवर वळवता येत नाही.’

तो आत गेला. त्याने म्हाताऱ्याला खांद्याला आणि कमरेला धरून कुशीवर वळवलं. बाईंनी दमट चादर ओढून काढली आणि सदरा वर केला. पाठीवर तीन जखमा होत्या, एक तळहाताएवढी. फ्यूजने मान फिरवली.

‘नीट धरा,’ बाई म्हणाल्या, ‘आणि इकडे बघा.’

त्या कोरडी चादर अंथरत होत्या, सुरकुती राहू नये म्हणून दोनदोनदा हात फिरवत होत्या. घाई करत नव्हत्या. ती अंथरून होईपर्यंत त्याने म्हाताऱ्याला धरून ठेवलं आणि बाईंनी सांगितलं होतं तिकडे बघत राहिला.