ऋचाला आणायला गेले, त्याची गोष्ट

"आई, मला परत यायचंय," एवढंच बोलून ऋचाने फोन ठेवला आणि मी व्हिसाच्या मागे लागले. लेक लीड्सला एम.एस्सी.साठी जाऊन जेमतेम एक सत्र झालं होतं. यांचं म्हणणं, "थांब जरा, रुळेल ती." मी कसली थांबते!

विरारहून विमानतळाला निघणार असाल तर हातात भरपूर वेळ ठेवा. फुलपाड्यातून टॅक्सी वेळेत सुटली आणि सातिवलीला ट्रकांमागे अशी अडकली, की उतरून चालत सुटावंसं वाटलं. लंडनहून पुढे रेल्वेपेक्षा बस स्वस्त पडते. फक्त स्वेटरची बॅग डिकीत टाकू नका, मी वाटभर कुडकुडले.

पोचल्या पोचल्या तिच्या आवडीचं पिठलं टाकलं. खाता खाता कळलं, की प्रोजेक्टला गाइडच मिळालेला नाही. शुक्रवारपर्यंत मिळाला नाही तर गाशा गुंडाळायचा.

"मग विचार की सरांना!"

"सर म्हटलं की मुलं हसतात. ते म्हणतात, पीटर म्हण. आई, साठीचे आहेत गं ते! तोंडातून निघतच नाही. म्हणून मी जातच नाही त्यांच्याकडे."

"इश्श, एवढंच? म्हणायचं पीटर!"

"तू बाबांना म्हणतेस सुधीर?"

आली का पंचाईत! लग्नाला इतकी वर्षं झाली, 'अहो'च्या पुढे गाडी गेलेली नाही. तरी कॉलिंग कार्ड काढून फोन लावला. "हॅलो, सुधीर?" पलीकडून घाबरलेला आवाज, "अगं, काय झालं? बरी आहेस ना?" ऋचा पोट धरधरून हसली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली, मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. खरं सांगते, ती रडत आली असती तर मी तिथल्या तिथे तिचं तिकीट काढलं असतं. ती धावत आली. "आई, पीटर हो म्हणाले!"

पुढे ती लायब्ररीत आणि मी एकटी गावात. नदीकाठचा पडका मठ जरूर बघा, फुकट आहे. माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर रविवारी फोन केला. "आई, नंतर बोलू? सगळे थांबलेत." मागे हशा ऐकू येत होता.

निघण्याआधी तिच्या पलंगावर धुतलेली चादर घालून गेले होते. ती काढून कपाटात ठेवली. यांनी विचारलं, "छान झालं ना?"

"छानच झालं," म्हणाले, आणि मला रडू फुटलं.